सोवळ्यातली खरखर

विद्युल्लता कोरगावकरांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण कुठे बिघाड आहे म्हटलं की त्यांचे कान अजून टवकारायचे. सदतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजात तपासणीच्या टेबलावर बसल्या. कुणाच्याही घरची लाइन टेबलावर घ्यायची, मीटर लावायचा आणि दोष खांबावर आहे, जमिनीखाली आहे की गिऱ्हाइकाच्या घरात, हे बसल्या जागी सांगायचं. मिरजेची मुलगी, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमागे काशीला आली आणि इथलीच होऊन गेली. नावातच वीज, त्यामुळे खात्यात थट्टा व्हायचीच. पण लाइन का बिघडली हे कळल्याशिवाय बाईंच्या घशाखाली चहा उतरत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं.

त्यामुळे दुर्गाघाटाच्या गल्लीत भाजी घेताना बकुळ आठल्ये भेटली आणि म्हणाली, "ताई, आमच्या नानांचा फोन सकाळी बिघडतो आणि दुपारी आपला आपण ठीक होतो," तेव्हा विद्युताईंच्या हातातले परवल हातातच राहिले.

"रोज?"

"रोज. म्हणजे मला तसं वाटतं. नाना म्हणतात फोन ठीक आहे, त्यांचेच कान गेलेत."

नाना म्हणजे बकुळचे सासरे, ब्रह्माघाटाजवळचे ढुंढिराजशास्त्री आठल्ये. वय एक्याऐंशी. घनपाठी. वेदातली पदं पुढेमागे, उलटसुलट गुंफत म्हणायची ही रीत; त्यात एक स्वर चुकला तरी शास्त्रीबुवांना चालत नसे. त्यांचा शेवटचा शिष्य वेदांत आठ वर्षं त्यांच्यापाशी शिकला. दीड वर्षापूर्वी त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि त्याला नांदेडला परत जावं लागलं. थोडाच भाग राहिला होता. तेव्हापासून रोज सकाळी सातला तो मोबाइलवरून फोन करायचा, नाना घरच्या फोनवर ऐकायचे आणि पाठ पुढे सरकायचा. नाना स्वतः मोबाइल घेत नसत. त्यावर स्वराचं शेपूट कापलं जातं, असं त्यांचं म्हणणं.

"दहा दिवसांनी त्याची परीक्षा आहे," बकुळ म्हणाली. "आणि नानांनी ठरवून टाकलंय. शनिवारी एकादशी, त्या दिवशी त्याला सांगणार, बाबा, मला आता ऐकू येत नाही, दुसरा गुरू बघ. ताई, ज्या माणसाने जन्मभर हेच केलं तो उद्यापासून उठून काय करणार? बसल्या बसल्या संपतील हो ते."

"कानाच्या डॉक्टरकडे नेलंस?"

"नाव काढू देत नाहीत. पण मी सांगते, कान गेलेले नाहीत. मी वर खोलीत बिस्किटाचा डबा उघडला की खालून विचारतात, कोण खातंय ग? हा माणूस बहिरा?"

विद्युताई हसल्या. मग लगेच गंभीर झाल्या. "लाइनमनला बोलावलं होतं?"

"तीन वेळा. गोपीनाथ म्हणून आहे. तीनही वेळा बोलला, लाइन एकदम टनाटन. शेवटच्या वेळी नानांनाच म्हणाला, पंडितजी, कान दिखवाइए. तेव्हापासून तर त्यांनी मनावरच घेतलंय."

त्या दिवशी गुरुवार होता. संध्याकाळी विद्युताई आपली चामड्याची पिशवी घेऊन आठल्यांच्या दारात हजर. पिशवीत मीटर, पेचकस, पक्कड आणि लाइनला जोडून ऐकायचा तो तपासणीचा फोन.

नाना ओसरीवर बसले होते. उंच, वाळका देह, कपाळाला गंध. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "या. तुम्ही पण तेच सांगणार आहात."

"मी अजून काही सांगितलेलंच नाही, नाना."

"सांगाल. ठीक आहे म्हणाल. सगळे म्हणतात. बघा, करा तुमचं."

विद्युताईंनी आधी घराबाहेरच्या जोडणीपाशी घरातली तार सोडवली आणि बाहेरून येणारी लाइन एकटी ऐकली. स्वच्छ. म्हणजे दोष असलाच तर घरात. घरात फोनच्या डब्या तीन. एक बैठकीत, जिथे तार आत येते. एक वर बकुळच्या खोलीत. आणि तिसरी देवघराशेजारी नानांच्या खोलीत, जिथून ते वेदांतशी बोलायचे. तिन्ही उघडल्या, पेच घट्ट केले, दोन तारांमध्ये कुठे गळती आहे का ते मीटरने पाहिलं. काही म्हणजे काही नाही.

मग त्यांना शंका आली ती नानांच्या फोनची. सोवळ्यात वापरायचा म्हणून त्यावर रोज गंगाजल शिंपडलं जात होतं, हे बकुळने सांगितलं होतं. सापडला चोर, असं म्हणत बाईंनी मोठ्या हौसेने फोन खोलला. आत कोरडा ठणठणीत. तपकिरीची एक चिमूट तेवढी निघाली. नानांनी दुसरीकडे पाहिलं.

एकच गोष्ट खटकली. बैठकीतल्या डबीतून पुढे तारांच्या दोन जोड्या जायला हव्या होत्या, एक वर, एक नानांच्या खोलीत. जात होत्या तीन.

"ही तिसरी कुठे जाते?"

"जुनं काही असेल," नाना म्हणाले. "तीनदा रंग दिलाय घराला."

तिलाही मीटर लावला. काही दोष नाही. कुठे तरी भिंतीत तुटून मेली असेल म्हणून त्यांनी ती तशीच सोडली. पण मनातून ती जाईना.

सामान आवरताना नानांनी हळूच विचारलं, "खरं सांगा. तार ठीक आहे ना?"

विद्युताईंना खोटं बोलणं जमत नसे. "आत्ता ठीक आहे."

"मग झालं," नाना म्हणाले, आणि त्यांनी अशा काही शांतपणे मान हलवली की बकुळ उठून आत निघून गेली. विद्युताईंना स्वतःचा राग आला. एवढी तपासणी केली आणि म्हाताऱ्याच्या हाती काय दिलं, तर पक्की खात्री!

दाराशी येताना त्या थबकल्या. "गोपीनाथ किती वाजता यायचा हो?"

"बारानंतर," बकुळ म्हणाली. "सकाळी एकदा आला होता, तर नानांनी सीढीवरूनच परत पाठवला. सकाळी आमच्याकडे सोवळं असतं ना. बारापर्यंत बाहेरचं कोणी आत येत नाही, मीसुद्धा त्यांच्या बाजूला जात नाही."

"अगं बाई!" विद्युताईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ताप सकाळी येतो आणि डॉक्टर दुपारी! बिघडलेला असताना हा फोन आजपर्यंत कुणी तपासलेलाच नाही. मी उद्या सकाळी येणार."

"सकाळी?" नाना ओसरीवरून म्हणाले. कान गेलेल्या माणसाला हे बरोबर ऐकू आलं होतं. "सकाळी यायचं तर सोवळ्यात यावं लागेल."

"येते."

"इथे स्नान करावं लागेल. चामडं आत येणार नाही. नेसायला रेशमी काही नाही घरात, धाबळी आहे. लोकरीची."

वैशाखातली काशी. सकाळी सहालाच घामाच्या धारा लागायच्या. पण विद्युताई म्हणाल्या, "चालेल."

घरी सुमंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, ऐकून खो खो हसले. "मिरजेला तुझ्या आईने तुझ्यापुढे हात टेकले होते. साध्या पूजेला हातपाय धुवायला तयार नव्हतीस. आणि आता धाबळी?"

"तेव्हा कुठे लाइन बिघडली होती?" विद्युताई म्हणाल्या आणि गजर लावून झोपल्या.

शुक्रवारी पाचलाच त्या आठल्यांकडे. अंघोळ केली, धाबळी गुंडाळली आणि त्याच क्षणी सगळं अंग खाजायला लागलं. चामड्याची पिशवी ओट्यावर राहिली. मीटर, पेचकस, पक्कड आणि तपासणीचा फोन तेवढे ताटलीत घालून आत नेले. नाना घाटावरून स्नान करून ओलेत्याने परतले, आणि ताटली बघताच त्यांनी तांब्या उचलला.

"अहो नाना, मीटरवर पाणी नको!" बाई ओरडल्या. "मग तो तुमच्या फोनऐवजी माझ्याच नावाने शंख करील!"

नानांनी क्षणभर विचार केला, तांब्या ठेवला आणि मीटरवर एक तुळशीचं पान ठेवलं. तोड निघाली.

बाईंनी बैठकीतल्या डबीपाशी ठाण मांडलं. सहा वाजून दहा मिनिटं. मीटर म्हणत होता, ठीक. नाना आत गेले, सुकलेलं धोतर नेसले. मग आतून कपडा पिळल्याचा आवाज आला, काठीचा खटखट आवाज आला, आणि नाना देवघरात जाऊन बसले. सहा वीस. ठीक. विद्युताईंच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता आणि लोकर त्याची मजा घेत होती. सहा पंचवीस. मीटरवरचा आकडा हलला.

"हां!" त्या एकट्याच म्हणाल्या.

आकडा उतरायला लागला. थोडा थांबला, पुन्हा उतरला. त्यांनी तपासणीचा फोन जोडून कानाला लावला. काल जिथे स्वच्छ स्वर होता तिथे खरखर, आणि त्या खरखरीच्या मागे तो स्वर कुठे तरी लांब. सदतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या बिघाडाने त्यांना इतका आनंद दिला नव्हता. फोन आजारी होता! एक्याऐंशी वर्षांचे कान साफ निर्दोष होते!

आता कुठून, ते बघायचं. बकुळच्या खोलीची जोडी सोडवली, खरखर तशीच. ती परत जोडली, नानांच्या खोलीची सोडवली; तशीच. मग ती कालची अनोळखी तिसरी जोडी सोडवली. खरखर बंद. एकदम, कुणी तोंडावर हात ठेवावा तशी.

"तुला मेलेली समजले होते मी," विद्युताई तारेला म्हणाल्या.

आता ही बया जाते कुठे? रंगाच्या तीन थरांखाली तारेचा उंचवटा बोटाला लागत होता. त्या भिंत चाचपत निघाल्या. बैठकीतून मधल्या बोळात, कोनाड्याच्या कडेने, मग वर, आणखी वर. मान वर केली आणि टप्पकन चष्म्यावर पाण्याचा थेंब पडला.

वर छताखाली आडवा बांबू टांगला होता. त्यावर नानांचं नुकतंच धुतलेलं धोतर, उद्याच्या सोवळ्यासाठी, कुणाचा हात लागणार नाही इतक्या उंचीवर वाळत घातलेलं. त्याच्या काठावरून पाणी भिंतीवर ओघळत होतं. आणि त्या ओघळाच्या बरोबर वाटेत, रंगाखाली दडलेला, एक चौकोनी फुगवटा होता.

बाईंनी स्टूल ओढलं, चढल्या. देवघराच्या दारातून नाना ओरडले, "अहो, काठीला शिवू नका!"

"मी धाबळीत आहे, नाना!"

"हां, हां. मग ठीक. पण सांभाळून, उकाड्याने भोवळ येऊन पडाल."

पेचकसने रंग खरवडला तशी एक जुनी, पिवळी पडलेली फोनची डबी निघाली. झाकण उचकटलं. आत पाणी शिरलेलं, रोज दुपारपर्यंत उकाड्याने सुकून जाणारं, आणि तांब्याच्या तारा हिरव्यागार. या घरातली चौथी डबी, जी कुणाच्या हिशेबातच नव्हती.

"अरे!" नाना स्टुलापाशी येऊन उभे राहिले होते. "हा तर आमचा पहिला फोन. चाळीस वर्षं झाली. शिवाशिव नको म्हणून वर कोनाड्यात ठेवला होता. उतरवला केव्हा ते आठवत नाही."

"आणि हा बांबू इथे केव्हापासून आहे?"

"बांबू होळीच्या दुसऱ्या दिवशी. आधी सोवळं छतावर वाळायचं. पण बंदरांनी उच्छाद मांडला. दोन धोतरं फाडली, एक घेऊनच गेले. बंदराने शिवलेलं सोवळ्यात कसं चालेल? म्हणून इथे आणलं."

"आणि तुम्हाला ऐकू येईनासं केव्हा झालं?"

नानांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. मनातल्या मनात त्यांनी दिवस मोजले असावेत. मग वरच्या धोतराकडे बघत म्हणाले, "पूर्वी मी पिळलेल्या धोतरातून थेंब पडत नसे." आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"हात थकले असतील," विद्युताई म्हणाल्या. "कान नाही." त्यांनी पकडीने ती जोडी कापली, बैठकीत येऊन बाकीच्या पक्क्या केल्या आणि नानांच्या खोलीतला रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "ऐका."

नानांनी ऐकलं. नुसता तो फोनचा सरळ, एकसुरी आवाज. पण ते तो ऐकतच राहिले. डोळे मिटले. दारापलीकडे, सोवळ्याची हद्द सांभाळून उभी असलेली बकुळ पदराने डोळे पुसत होती. "आता ठेवा खाली," विद्युताई शेवटी म्हणाल्या, "नाहीतर त्याचा फोन लागायचा नाही."

सातला घंटी वाजली.

लाइन खरंच सुधारली का हे पाहायला विद्युताई बैठकीत तपासणीचा फोन लावून बसल्या होत्या. खात्याचा नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. ऐकायची ती खरखर, माणसांचं बोलणं ऐकायचं नाही. बोलणं सुरू झालं की त्या कान काढून घ्यायच्या. त्या दिवशी त्यांनी काढला नाही.

वेदांतने नमस्कार सांगितला आणि म्हणायला सुरुवात केली. भरदार, तरुण आवाज. दोन ओळी झाल्या असतील.

"थांब," नाना म्हणाले.

पलीकडचा आवाज मध्येच असा तुटला की विद्युताईंनी घाईने मीटरकडे पाहिलं.

"काय म्हणालात, गुरुजी?"

"थांब म्हटलं. तिसरं पद. स्वर खाली यायला हवा, तू वर नेलास. पुन्हा."

वेदांतने पुन्हा म्हटलं. पुढे गेला. "थांब." पुन्हा. "थांब." विद्युताईंना वेदातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येक "थांब" बरोबर त्यांना टाळी वाजवावीशी वाटत होती. म्हाताऱ्याला एकूण एक स्वर ऐकू येत होता! पाच, सात, नऊ. अकराव्या "थांब" नंतर मात्र "पुन्हा" आलं नाही.

त्यांनी दारातून डोकावलं. नानांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ते खाली मान घालून बसले होते.

"वेदांत," ते म्हणाले. "या चुका आजच्या नाहीत. पक्क्या बसल्यात."

"हो, गुरुजी."

"होळीपासून मला तुझं काही ऐकू येत नव्हतं. नुसती खरखर यायची. मला वाटलं कान गेले. सांगायची लाज वाटली. तू म्हणत राहिलास आणि मी न ऐकता हं, पुढे, हं, पुढे म्हणत राहिलो. दोन महिने. हे पाप माझं आहे. तू परीक्षेला बसू नकोस. या अशा पाठाने उभा राहिलास तर लाज जाईल, आणि ती जायला हवी माझी, जाईल तुझी."

विद्युताईंची नजर मीटरवर गेली. दोष सापडला म्हणून आपण सकाळपासून नाचतोय, आणि त्या दोषाने दोन महिन्यांत काय काय नासवलं हे आपल्या मीटरवर कुठे दिसणार होतं?

मग वेदांत म्हणाला, "मला माहीत होतं, गुरुजी."

"काय माहीत होतं?"

"सुरुवातीला वाटलं माझ्याच मोबाइलची खरखर आहे. पण तुम्ही एकदाही थांबवेनात. मी एवढा काही हुशार नाही. म्हणून चैत्रात एक दिवस मुद्दाम चुकलो. अख्खी ओळ गाळली. तुम्ही हं म्हणालात."

नानांचा श्वास विद्युताईंना लाइनवर स्पष्ट ऐकू आला.

"मग दुसरीकडे का गेला नाहीस? परीक्षा होती तुझी. तिकडे आहेत ना चांगले घनपाठी, एक फोन करायचा."

"दुसरीकडे गेलो असतो तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं," वेदांत म्हणाला. "परीक्षा दर वर्षी असते, गुरुजी."

नानांनी तोंडावर उपरणं धरलं. ते रडत होते, मोकळेपणी, आवाज करून, आणि तो आवाज नांदेडपर्यंत स्वच्छ जात होता. विद्युताईंनी तपासणीचा फोन काढून ताटलीत ठेवला. आता लाइन तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांचा चष्मा पुन्हा ओला झाला होता.

पण घर लहान आणि दार उघडं. नानांनी नाक पुसलं, खाकरले, आणि त्यांचा आवाज बाहेर ऐकू आलाच.

"धुळवडीला सुट्टी घेतली होती आपण. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय म्हटलं होतंस, आठवतं?"

पलीकडून काही उत्तर आलं असावं.

"तिथूनच," नाना म्हणाले. "सावकाश म्हण. मी ऐकतोय."